जुन्या सायकलीचा शुद्ध पाठ

जुनी विलायती सायकल कुणी दाखवायला बाहेर काढली की पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सगळे भाग ओरिजिनल आहेत का?" नागपुरात या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर बहुधा नकारार्थीच येते. फ्रेम नॉटिंगहॅमची असते, मागचे चाक लुधियान्याचे असते, पुढचा चिमटा दुसऱ्याच एखाद्या सायकलीचा असतो आणि सीट गावातल्याच कुणी रेक्झीनने मढवून दिलेली असते. उत्तर ऐकून विचारणाऱ्याची निराशा होते. सायकलीत काहीतरी भेसळ झाली आहे, ती काढून टाकली पाहिजे, असे त्याला वाटू लागते. या निराशेमागची 'मूळ' ही कल्पना तपासून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. साहित्याच्या अभ्यासकांना ही कल्पना परकी नाही. ग्रंथाचा मूळ पाठ कोणता, प्रक्षेप कोणता, आणि प्रक्षेपांचे करायचे काय, हे प्रश्न आपण पोथ्यांच्या बाबतीत शंभर वर्षे विचारीत आलो आहोत. तेच प्रश्न भंगारातून उचललेल्या सुट्या भागांवर उभ्या असलेल्या सायकलीला विचारले, तर हाती काय लागते ते पाहू.

सायकलीचे गाव

नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी होते. मुंबईकडून येणारी रेल्वे १८६७ मध्ये येथे पोचली, १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि शतक संपता संपता कलकत्त्याच्या बाजूचा लोहमार्गही जोडला गेला. देशाच्या दोन मोठ्या बंदरांना जोडणाऱ्या वाटेवरचे, सचिवालयाचे, न्यायालयांचे, महाविद्यालयांचे आणि गिरण्यांचे असे हे गाव. सीताबर्डीची टेकडी सोडली तर जमीन बहुतेक सपाट. सायकलीला याहून सोयीचे गाव शोधून सापडणे कठीण. सिव्हिल लाइन्समधल्या कचेऱ्यांत जाणारे कारकून, गिरणीच्या पाळीला निघालेले कामगार, हिस्लॉप व मॉरिस या महाविद्यालयांचे विद्यार्थी, तारा वाटणारे शिपाई, दूधवाले, या सर्वांचे विसाव्या शतकातले वाहन हेच. १९५६ मध्ये नागपूरचे राजधानीपद गेले. सायकली मात्र राहिल्या.

सायकल येथे एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे उतरत गेली, हे तिच्या इतिहासातले महत्त्वाचे सूत्र आहे. विलायती सायकल ही आरंभी साहेबाची, वकिलाची, प्राध्यापकाची मिरवण्याची वस्तू होती. ती जुनी झाली की विकली जाई आणि कारकुनाकडे येई. त्याच्यानंतर ती मुलाच्या शाळेसाठी वापरली जाई किंवा तासावर भाड्याने सायकली देणाऱ्या दुकानात जाई. शेवटी ती दूधवाल्याकडे वा फेरीवाल्याकडे पोचे. प्रत्येक टप्प्यावर तिचे काही भाग बदलत. दूधवाल्याला जड कॅरिअर लागे आणि पुढच्या चिमट्याला आधाराच्या जादा सळ्या लागत. भाड्याच्या सायकलीच्या मडगार्डवर दुकानाचे नाव व क्रमांक रंगवला जाई. कुणी चाकांच्या तारांत रंगीत मणी ओवले, तर कुणी हब पुसला जावा म्हणून त्याभोवती रंगीत ब्रशची कडी अडकवली. अखेर जी सायकल कबाड्याकडे येते, तिच्यात हे सर्व थर एकत्र असतात.

एक माप, अनेक कारखाने

हे थर एकमेकांवर बसू शकले, याचे कारण तांत्रिक आहे. जॉन केम्प स्टार्ली यांची 'रोव्हर' सायकल १८८५ मध्ये आली. दोन जवळपास सारखी चाके आणि साखळीने फिरणारे मागचे चाक हा तिचा आराखडा पुढे जगभर रूढ झाला. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेचा टायर आणला. त्यानंतरच्या काही दशकांत इंग्लंडमधील रॅले, बीएसए, हंबर, रज, हर्क्युलिस, फिलिप्स या कारखान्यांनी जी उभट, काळी, दणकट 'रोडस्टर' घडवली, तिची मापे बऱ्याच अंशी समान होती : २८ इंची चाक, त्यावर दीड इंची टायर, पुढे ३२ व मागे ४० तारा, सळईने ओढले जाणारे आणि रिमच्या आतल्या बाजूवर दाबले जाणारे ब्रेक, पायडलचा दांडा आसाला घट्ट धरणारी पाचरीसारखी कॉटर पिन.

स्वातंत्र्यानंतर सायकलींची आयात आवळली गेली आणि देशी कारखाने उभे राहिले. सेन-रॅले हा रॅलेच्या सहकार्याने उभा राहिलेला कारखाना आसनसोलजवळ १९५२ मध्ये उत्पादन करू लागला. मद्रासच्या टीआय सायकल्सने हर्क्युलिस, फिलिप्स व बीएसए ही इंग्लिश नावे भारतात चालवली. सोनीपतला १९५१ मध्ये अॅटलस व लुधियान्याला १९५६ मध्ये हीरो सुरू झाली. हीरोचे मुंजाल बंधू त्याआधी सुट्या भागांचाच व्यवसाय करीत होते, ही गोष्ट येथे अर्थपूर्ण आहे. या सर्वांनी जो आराखडा उचलला तो त्याच इंग्लिश रोडस्टरचा होता आणि मापेही बहुतांशी तीच राहिली. इंग्लंडमध्ये लोकांची आवड बदलली, हलक्या सायकली आल्या आणि ही काळी सायकल मागे पडली. नॉटिंगहॅमचा रॅलेचा कारखाना २००२ मध्ये बंद झाला. भारतात मात्र २८ इंची चाकाची, सळईच्या ब्रेकची सायकल आजही बनते. त्यामुळे १९३५ सालच्या इंग्लिश सायकलीला लागणारी रिम, टायर, तारा आणि ब्रेकच्या सळ्या भारतीय गावातल्या साध्या दुकानात मिळू शकतात. इंग्लंडमधील हौशी संग्राहकाला मात्र त्या अनेकदा मुद्दाम मागवाव्या लागतात.

ही समानता संपूर्ण नव्हती. रॅलेने पायडलच्या आसाच्या वाट्यांना इंचाला २६ आटे ठेवले, इतर इंग्लिश कारखान्यांनी बहुधा २४. फरक डोळ्यांना दिसत नाही, पण एकाची वाटी दुसऱ्याच्या फ्रेममध्ये धड बसत नाही. नावांचाही असाच घोळ आहे. हंबर कंपनी १९३२ मध्ये आणि रज कंपनी १९४३ मध्ये रॅलेच्या मालकीची झाली. तेव्हा 'हंबर' हे नाव असलेली सायकल मूळ कंपनीची आहे, रॅलेने केलेली आहे की भारतात जुळवलेली आहे, हे नावावरून ठरत नाही. ते पायडलच्या दातेरी चक्रातील नक्षीवरून, आट्यांच्या मोजणीवरून, फ्रेमवर ठोकलेल्या क्रमांकावरून आणि स्टर्मी-आर्चरचा तीन गतींचा हब असल्यास त्यावर कोरलेल्या वर्षाच्या आकड्यांवरून ठरवावे लागते. बगळा दिसला की रॅले, पंजा दिसला की रज, एकमेकांना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका दिसल्या की बीएसए, हे पहिले अनुमान झाले, निर्णय नव्हे. पोथीच्या पुष्पिकेवर जितका विश्वास ठेवावा तितकाच या चिन्हांवर ठेवावा.

मिस्त्रीचे काम

सायकल दुरुस्त करणाऱ्याला नागपुरात मिस्त्री म्हणतात. त्याच्या कामाची बरीचशी विद्या लिहिली गेलेली नाही. कॉटर पिन ठोकून काढताना दांड्याखाली भक्कम आधार दिला नाही तर आस वाकतो. नवी पिन बसवताना तिची सपाट बाजू कानशीने थोडी थोडी घासून जुळवावी लागते, नाहीतर दोन पायडली एका रेषेत येत नाहीत. चाकाचा आऊट काढताना एक तार आवळायची तर समोरची सैल करायची. हँडलच्या वाटीत छर्रे गच्च भरायचे नाहीत, एकाची जागा मोकळी ठेवायची. नागपूरच्या वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा टायरमध्ये हवा थोडी कमीच भरायची. हे नियम हातातून हातात गेले.

सुटा भाग मिळेना तेव्हा मिस्त्रीने काय केले, हे जुन्या सायकलीवर वाचता येते. सैल झालेल्या वाटीखाली पत्र्याची पट्टी घातलेली असते. तडकलेल्या नळीवर पितळेचा जोड दिलेला असतो. ब्रुक्सची कातडी सीट उन्हाने तडकून गेल्यावर तिचा लोखंडी सांगाडा व स्प्रिंगा ठेवून वर रेक्झीन चढवलेले असते. मोडीत निघालेल्या सायकलीचे पुढचे चाक व चिमटा सायकलरिक्षेत जाई. पश्चिम महाराष्ट्रात जे वाहन फारसे दिसत नसे, ते नागपूरच्या रस्त्यांवर दीर्घ काळ होते. गेल्या दशकात ई-रिक्षांनी त्याला बाजूला सारले आणि सुट्या भागांचा एक मोठा प्रवाह आटला.

इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) या ग्रंथात असा मुद्दा मांडला आहे की तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांनी लिहिला जातो, वापराच्या व दुरुस्तीच्या काळाने लिहिला जात नाही. म्हणून गरीब जगाने पत्करलेले आणि आपल्या गरजेनुसार वळवलेले तंत्र त्यातून सुटून जाते. डेव्हिड अर्नोल्ड यांनी 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी' (२०१३) मध्ये सायकल, शिवणयंत्र, टंकलेखनयंत्र अशा साध्या यंत्रांच्या भारतातील वावराचा इतिहास लिहिला. या दोघांच्या दृष्टीने पाहिले तर नागपुरातल्या सायकलीवरील पत्र्याची पट्टी हा दोष ठरत नाही. तो इतिहासाचा पुरावा ठरतो, आणि ज्या माणसाने काहीच लिहून ठेवले नाही त्याचा तो एकमेव लेख असतो.

पाठचिकित्सेचा दाखला

येथे पोथ्यांकडे वळणे उपयोगाचे होईल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले व ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. वि. स. सुखटणकर यांनी १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत आपल्या कामाची मर्यादा स्पष्ट केली. व्यासांच्या मुखातून निघालेले महाभारत आपण देत नाही, उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जेथवर मागे जाता येते तेथवरचे रूप देतो, असा तिचा आशय आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, जे श्लोक त्यांनी मुख्य संहितेतून काढले ते फेकून दिले नाहीत. ते तारांकित करून पृष्ठाच्या तळाशी वा परिशिष्टांत छापले. निर्णय संपादकाचा, पण त्या निर्णयाविरुद्ध जाण्याचे साहित्य वाचकाच्या हाती.

दुसरा दाखला खुद्द नागपूरचा आहे. म्हाइंभटांनी संकलित केलेली 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि पुढे स्मरणाच्या आधारे ती पुन्हा सिद्ध करण्यात आली, असे महानुभाव परंपरा सांगते. म्हणून या ग्रंथाचे वेगवेगळे पाठ निर्माण झाले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली 'लीळाचरित्रा'ची आवृत्ती १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. मराठीच्या या आद्य गद्यग्रंथाचे 'मूळ' हेच जर हरवलेल्याची आठवणीतून केलेली पुनर्बांधणी असेल, तर पुनर्बांधणीला दुय्यम मानण्याचे कारण उरत नाही. तिच्या पाठांमागे कुणाची स्मरणे आहेत, हे मात्र विचारले पाहिजे.

जुनी सायकल हौसेने दुरुस्त करणाऱ्यांचा रूढ मार्ग याच्या नेमका उलट असतो. कंपनीचे जुने सूचिपत्र मिळवायचे, त्यात नसलेला प्रत्येक भाग उतरवून भंगारात टाकायचा, फ्रेमवर वाळूचा फवारा मारून ती उघडी करायची, पावडरचा जाड लेप भट्टीत भाजून घ्यायचा, वर नव्याने छापलेले चिन्ह चिकटवायचे. सायकल चकचकीत दिसते. पण फवाऱ्याने हाताने ओढलेल्या सोनेरी रेषा जातात, जाड लेपाखाली उथळ ठोकलेले क्रमांक बुजतात, आणि मिस्त्रीचे पितळी जोड कुणाला न दिसता नाहीसे होतात. येथे पोथीशी केलेली तुलना तुटते आणि ती जेथे तुटते तेथेच ती सर्वांत अधिक शिकवते. संपादक आपला पाठ वेगळ्या कागदावर छापतो. पोथी ग्रंथालयात जशीच्या तशी राहते. सायकलीत छापण्यासाठी दुसरा कागद नसतो. शुद्ध पाठ करायचा तर पोथीच खरवडावी लागते.

सूचिपत्राबरहुकूम दुरुस्ती करण्यात एक निवडही दडलेली असते. सूचिपत्रातील सायकल ही पहिल्या मालकाची सायकल. ती परत आणणे म्हणजे वकिलाची पाच-दहा वर्षे खरी मानून नंतरच्या कारकुनाची, गिरणी कामगाराची आणि दूधवाल्याची पन्नास वर्षे प्रक्षिप्त ठरवणे. एम्प्रेस मिल आज राहिलेली नाही, तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली. त्या कामगाराच्या वा शिपायाच्या नावाची पाटी कुठे लागलेली नाही. त्यांच्या ये-जा करण्याच्या खुणा जर कुठे असतील तर त्या अशा वस्तूंवरच आहेत. साहित्याच्या इतिहासात आपण हा प्रश्न अनेकदा ऐकला आहे : मूळ कोणाचे मानायचे? सायकलीच्या बाबतीत तो हातात पाना घेऊन विचारावा लागतो.

मग दुरुस्ती करावी तरी कशी?

याचा अर्थ सायकल आहे तशी गंजू द्यावी असा नाही. सायकल चालण्यासाठी असते. उपाहारगृहाच्या भिंतीवर टांगलेली सायकल आणि कबाड्याच्या ढिगातली सायकल यांत चालण्याच्या दृष्टीने फरक नाही. शिवाय काही बाबतींत तडजोड चालत नाही. तडा गेलेला चिमटा, झिजलेले हँडलचे आटे, वाकलेली ब्रेकची सळई हे भाग बदललेच पाहिजेत, मग ते कितीही जुने वा दुर्मीळ असोत. चालवणाऱ्याचा जीव हा पाठभेदाचा विषय नव्हे.

पण बदलण्याची रीत पाठचिकित्सेकडून घेता येईल. पहिले काम म्हणजे काहीही उतरवण्यापूर्वी सायकल आहे त्या स्थितीत पाहणे, छायाचित्रे घेणे, प्रत्येक भागावरील खूण नोंदवणे. दुसरे, रंगवण्याआधी धुऊन पाहणे. रॉकेलमध्ये भिजवल्यावर जाम झालेले बरेच भाग सुटतात, आणि पातळ ऑक्झॅलिक आम्लाने, हातमोजे घालून व बेताने काम केल्यास, गंज जाऊनही खालचा रंग पुष्कळदा वाचतो. काळ्या एनॅमलचा विटलेला थर हा नव्या लेपाहून अधिक बोलका असतो. तिसरे, बदली भाग निवडताना सूचिपत्रातील नमुन्यापेक्षा त्या सायकलीच्या आयुष्यात खरोखर येऊ शकला असता असा भाग निवडणे. नॉटिंगहॅमच्या फ्रेमवर सेन-रॅलेचे दातेरी चक्र बसवणे हे येथे विलायतेहून मागवलेल्या नव्या नकलेपेक्षा अधिक इतिहासनिष्ठ आहे. आसनसोलच्या त्या कारखान्याचे हिंद सायकल्सबरोबर १९८० च्या कायद्याने राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढे तोही इतिहासजमा झाला. कबाड्याकडे मिळणारे त्याचे भाग आता स्वतःच जतन करण्याजोगे झाले आहेत. चौथे, हौसेने नवे काही जोडायचे असेल, दिवा, टोपली, तीन गतींचा हब, तर ते पट्टीने आवळून वा सुटे चाक बदलून जोडावे. फ्रेमला भोक पाडू नये, वेल्डिंग करू नये, म्हणजे पुढच्याला ते काढता येईल. आणि पाचवे, उतरवलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून एका पेटीत ठेवावा. सुखटणकरांच्या परिशिष्टांचे काम ही पेटी करील.

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी २०१७ मध्ये जुन्या सायकलींचे संग्रहालय उभे केले. दुसऱ्या महायुद्धातील बीएसएच्या घडीच्या सायकलीपासून साध्या रोडस्टरपर्यंत अनेक प्रकार तेथे एका छताखाली पाहता येतात. कारखान्यातून सायकल कशा रूपात बाहेर पडली, हे समजण्यासाठी अशा संग्रहाला पर्याय नाही. नमुना ठाऊक नसेल तर त्यातला बदलही ओळखता येत नाही. पण प्रत्येक जुन्या सायकलीने त्या नमुन्याकडे परत गेले पाहिजे असे नाही. नागपूरसारख्या गावात निदान काही सायकली त्यांच्या जोडांसह, त्यांच्या उसन्या चिमट्यासह आणि दूधवाल्याच्या कॅरिअरसह राखल्या गेल्या पाहिजेत.

हे काम फार काळ लांबवण्याजोगे नाही. अॅटलसने साहिबाबादचा आपला कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे जागतिक सायकलदिनीच, थांबवला. काळ्या रोडस्टरची मागणी घटते आहे, तिच्या मापांचे भाग ठेवणारी दुकाने कमी होत आहेत, आणि २४ व २६ आट्यांतला फरक बोटाने ओळखणारे मिस्त्री म्हातारे झाले आहेत. मौखिक परंपरेतील ओव्या गोळा करण्यासाठी आपण विद्यार्थ्यांना गावोगाव पाठवतो. तसेच वही घेऊन त्यांना एखाद्या मिस्त्रीच्या दुकानातही बसवावे. कॉटर किती घासायची हे विचारावे, वाटीखाली पत्रा का घातला ते विचारावे, आणि त्याने वापरलेले शब्द, चिमटा, छर्रे, आटे, आऊट, जसेच्या तसे लिहून घ्यावेत. सुटा भाग पुढेमागे कबाड्याच्या ढिगात सापडेलही. तो कसा बसवायचा हे सांगणारा तेथे सापडणार नाही.